गोळी सरकारची, फोन करणारा कुणाचा? ठाणे-नवी मुंबईतल्या एचआयव्ही काळजी व आधार केंद्रांचं परीक्षण

वाशीच्या महापालिका रुग्णालयातून किंवा ठाण्याच्या सिव्हिलमधून गोळ्यांची बाटली घेऊन बाहेर पडणाऱ्या माणसाला दोन वेगळ्या यंत्रणा बहुधा एकच वाटतात. खिडकीतून बाटली देते ती एक. तारीख चुकली की ‘दादा, आला नाहीत, बरं आहे ना?’ असा फोन करते ती दुसरी. पहिली म्हणजे एआरटी सेंटर, एचआयव्ही दाबून ठेवणारी औषधं, म्हणजे एआरटी, देणारं सरकारी केंद्र. दुसरी म्हणजे काळजी व आधार केंद्र. वस्तीत काम करणारे सगळे तिला सीएससी म्हणतात. इथे परीक्षण दुसरीचं आहे. पहिलीकडून काय मिळतं हे लोकांना माहीत असतं. दुसरीकडून काय मागायचं हेच ठाऊक नसल्यामुळे ती अर्धीच वापरली जाते.

पैसा कुठून येतो ते आधी सांगायला हवं, कारण या सेवेचे गुण आणि दोष दोन्ही तिथूनच सुरू होतात. सरकारी केंद्रांत एआरटीची औषधं १ एप्रिल २००४ पासून मोफत मिळू लागली. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाचा पाचवा टप्पा २०२१ ते २०२६ असा आखला होता आणि त्यासाठीची १५,४७१.९४ कोटींची तरतूद केंद्र सरकारची होती. म्हणजे औषधाचा कणा आपल्याच पैशावर उभा आहे आणि ते चांगलंच आहे. पण औषध घ्यायला न आलेल्या माणसाला शोधायला दिवा भागातल्या चाळीत कोण जाणार? त्या कामासाठी २०१३ मध्ये ‘विहान’ या नावाने देशभर सीएससी सुरू झाली, ती ग्लोबल फंडाच्या पैशातून. ग्लोबल फंड म्हणजे एड्स, क्षय आणि हिवतापाविरुद्धच्या कामाला पैसा देणारा आंतरराष्ट्रीय निधी, २००२ मध्ये स्थापन झालेला, मुख्यालय जिनिव्हात. भारतात हा प्रकल्प चालवण्याची जबाबदारी इंडिया एचआयव्ही/एड्स अलायन्सकडे आली आणि प्रत्यक्ष केंद्रं स्थानिक संस्थांनी, कित्येक ठिकाणी एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्याच संघटनांनी चालवली.

ठाणे जिल्ह्याला परदेशी भागीदारी त्याच्याही आधीपासून परिचित आहे. गेट्स फाउंडेशनचा ‘आवाहन’ कार्यक्रम २००३ मध्ये सुरू झाला. त्यातला ‘आस्था’ प्रकल्प मुंबई आणि ठाणे जिल्ह्यांत देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमध्ये काम करत होता. पुढे ‘आवाहन’चं काम टप्प्याटप्प्याने सरकारी कार्यक्रमात गेलं. पैसा देणारा बदलला की वस्तीतल्या कार्यकर्त्याचं काय होतं, हे इथल्या जुन्या माणसांनी तेव्हाच पाहिलेलं आहे.

पहिल्यांदा जाणाऱ्याची सगळ्यात मोठी निराशा खाटांबद्दल असते. २०१३ च्या आधी ‘कम्युनिटी केअर सेंटर’ नावाची केंद्रं होती, तिथे खाटा असत आणि आजारी माणसाला काही दिवस ठेवून घेत. ती बंद करून सीएससी आली. नावात ‘काळजी’ असली तरी सीएससीत दाखल करून घेत नाहीत, सलाईन लावत नाहीत, औषधही देत नाहीत. एक-दोन खोल्या, समुपदेशकाचं टेबल, पडदा, सतरंजी, फायलींचं कपाट आणि एका भिंतीवर १०९७ या मोफत हेल्पलाइनचं पोस्टर. अशक्त माणसाला रिक्षात घालून तिथे नेलं तर वेळ वाया जातो. त्याला रुग्णालयातच न्यायला हवं. मात्र तिथे त्याच्या सोबत कोणी नसेल, केसपेपर काढायला आणि वॉर्डबॉयशी बोलायला माणूस हवा असेल, तर सीएससीचा कार्यकर्ता मिळू शकतो आणि मिळतोही.

नोंदणी कशी होते? एआरटी सेंटरमधला समुपदेशक बहुधा पहिल्याच भेटीत सीएससीचं नाव काढतो आणि एक संमतीपत्र पुढे करतो. इथे घाई करू नका. त्या कागदावर खरं तर वेगवेगळे प्रश्न आहेत: फोन केला तर चालेल का, कोणत्या वेळी, फोन दुसऱ्याने उचलला तर काय सांगायचं, घरी आलेलं चालेल का. लोक सगळ्याला ‘हो’ म्हणतात किंवा सगळ्याला ‘नाही’. दोन्ही चुकतं. घरभेट नको पण फोन चालेल, तोही दुपारी २ ते ४, कारण संध्याकाळी मोबाइल मुलाच्या हातात असतो, इतकं नेमकं सांगता येतं आणि ते लिहून घेणं हे त्यांचं काम आहे. घरभेटीऐवजी स्टेशनवर, बागेत, कामाच्या नाक्यावर भेटायचं ठरवता येतं. कोपरखैरणे, घणसोली, तुर्भे भागात राहणारे अनेक जण रेल्वे स्टेशनचीच जागा निवडतात, कारण तिथे दोन माणसं पाच मिनिटं बोलत उभी राहिली तर कुणी वळून बघत नाही.

पत्ता खोटा देण्याचं प्रमाण मोठं आहे आणि त्यामागचं कारण समजण्यासारखं आहे. पण खोट्या पत्त्याचा त्रास कार्यकर्त्यापेक्षा रुग्णालाच होतो. मुंब्र्याचा पत्ता दिला, राहणं लोकमान्यनगरला. तारीख चुकल्यावर कार्यकर्ता मुंब्र्यात तीन गल्ल्या विचारत फिरतो, आणि नाव घेऊन विचारणं हीच गोपनीयतेची सगळ्यात मोठी गळती. त्यापेक्षा खरा पत्ता द्या आणि घरभेट नको असं लेखी सांगा. ठाण्यात आणखी एक अडचण आहे, पुनर्विकासाची. चाळ पडते, लोक संक्रमण शिबिरात किंवा भाड्याने दुसरीकडे जातात, सिमकार्ड बदलतं, फाइलमधला पत्ता तसाच राहतो. चांगलं केंद्र दर भेटीत फोन नंबर वाचून दाखवतं आणि ‘हाच ना?’ विचारतं. अगदी साधी गोष्ट आहे, पण केंद्र बरं की वाईट हे या एका प्रश्नावरून बऱ्यापैकी ओळखता येतं.

कार्यकर्त्यांबद्दल. यातले बरेच जण स्वतः एचआयव्हीसह जगणारे असतात आणि सेवेतला सगळ्यात मौल्यवान भाग तोच आहे. दहा वर्षं गोळी खाणारी ताई समोर बसून ‘पहिले पंधरा दिवस मळमळ झाली, मग गेली’ म्हणते, तेव्हा डॉक्टरच्या तासाभराच्या समजावणीपेक्षा ते जास्त पोचतं. पण अनुभव म्हणजे प्रशिक्षण नव्हे. काही कार्यकर्ते स्वतःच्या गोळीचा हिशेब दुसऱ्याला लावतात, आणि त्यातून होणारी एक जुनी चूक अजून दिसते. पूर्वी उपचाराच्या सुरुवातीला दिली जाणारी गोळी टीएलई होती: टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि इफाव्हिरेन्झ. इफाव्हिरेन्झने गरगरायचं, विचित्र स्वप्नं पडायची, म्हणून ती रात्री झोपताना घ्यायची. आता दिली जाते ती टीएलडी, म्हणजे टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्ह्युडिन ३०० मिलिग्रॅम आणि डॉल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅम, तिन्ही एकाच गोळीत, दिवसातून एकदा. ही जेवणाआधी, जेवणानंतर, सकाळी, रात्री केव्हाही चालते. उलट काहींना डॉल्युटेग्राविरने झोप लागत नाही, त्यांनी ती सकाळीच घ्यावी. तरी ‘एआरटी म्हणजे रात्रीची गोळी’ हे वाक्य वस्तीत टिकून आहे. रबाळे-महापे एमआयडीसीत फिरत्या पाळीत काम करणाऱ्याला रात्री ९ ची वेळ दिली की दर तिसऱ्या आठवड्याला त्याच्या गोळ्या चुकणार. त्याला पाळी कोणतीही असली तरी तो हमखास जागा आणि घरी असतो अशी वेळ शोधून द्यायला हवी, आणि ती प्रत्येकाची वेगळी असते.

गोळ्यांचा हिशेब ही दुसरी जागा जिथे सेवा कधी उत्तम असते, कधी नुकसान करते. घ्यायच्या गोळ्यांपैकी ९५ टक्के तरी घेतल्या जाव्यात हे कार्यक्रमाचं लक्ष्य आहे. ३० गोळ्यांच्या महिन्यात एक चुकली तर ९६.७ टक्के, दोन चुकल्या की ९३.३. म्हणजे महिन्याला एकापेक्षा जास्त चूक परवडत नाही. मोजायची पद्धत अशी: दिलेल्या गोळ्यांतून उरलेल्या वजा करायच्या आणि आजवरच्या दिवसांनी भागायचं. ९० गोळ्या दिल्या, रुग्ण ८४ व्या दिवशी आला, बाटलीत १० उरल्या, तर खाल्ल्या ८०, खायला हव्या होत्या ८४, म्हणजे ९५.२ टक्के. पण घाईत ८० ला ९० ने भागलं जातं, ८८.९ येतात आणि वेळेच्या आधी आलेल्या शहाण्या माणसाला ओरडा बसतो. पुढच्या खेपेला तो उरलेल्या गोळ्या स्टेशनवरच्या कचरापेटीत टाकून येतो आणि शंभर टक्के दाखवतो. आकडे सुंदर, आजार मात्र वाढलेला. वरच्या आकड्यांत स्वतःचे आकडे घालून हिशेब घरीच करून ठेवा आणि चुकीचा लावला तर शांतपणे सांगा.

हा हिशेब किती खरा होता ते व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण, सांगतो. औषध सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी, मग बारा महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा ही तपासणी मोफत होते. १००० कॉपीज प्रति मिलीच्या खाली आला तर कार्यक्रमाच्या भाषेत तो दबलेला. वर गेला तर लगेच औषध बदलत नाहीत: आधी जादा समुपदेशन, गोळ्या नीट घेतल्याची खात्री आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. हे तीन महिने सीएससीच्या कसोटीचे असतात. नुसतं ‘गोळी चुकवू नका’ सांगून काही होत नाही. गोळी का चुकते ते शोधावं लागतं. कारण कधी दारू असते, कधी सासूला कळेल ही भीती, कधी डब्यातून कामावर न्यायची लाज. आणि बऱ्याचदा गोळी चुकलेलीच नसते, दुसऱ्याच औषधाने तिची ताकद खाल्लेली असते.

डॉल्युटेग्राविरला ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमवाली ॲसिडिटीची औषधं चालत नाहीत. ती पोटात त्याला चिकटतात आणि शोषूच देत नाहीत. म्हणून टीएलडी अशा औषधाच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांचंही तसंच, मात्र त्या जेवणाबरोबर टीएलडीसोबत घेतल्या तर चालतात. गरोदर बाईला नागरी आरोग्य केंद्रातून लोह-कॅल्शियम मिळतं, एआरटी दुसरीकडून, आणि दोन्ही ती रिकाम्या पोटी एकदमच गिळते. वडापाववर दिवस काढणाऱ्या ड्रायव्हरच्या खिशात ॲसिडिटीची चघळायची गोळी कायम असते आणि तिला तो औषध समजतच नाही. ‘दुसरं कुठलं औषध चालू आहे का?’ या प्रश्नाला तो प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो. विचारायला हवं असं: ‘जळजळ झाली तर काय खाता?’ मधुमेह असेल तर मेटफॉर्मिन दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, कारण डॉल्युटेग्राविरमुळे त्याचं रक्तातलं प्रमाण वाढतं. हे कोपऱ्यावरच्या डॉक्टरला कळायचं तर त्याला एआरटी चालू असल्याचं सांगावं लागतं, आणि तेच कुणी सांगत नाही.

क्षयाचं तर वेगळं सांगायला हवं. रिफॅम्पिसिन हे क्षयाचं औषध चालू असताना डॉल्युटेग्राविरची एक मात्रा पुरत नाही. टीएलडीनंतर बारा तासांनी डॉल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅमची आणखी एक गोळी लागते, आणि रिफॅम्पिसिन संपल्यावरही दोन आठवडे ती चालू ठेवायची असते. सरकारी व्यवस्थेत दोन्ही आजारांची औषधं एआरटी सेंटरच सांभाळतं, त्यामुळे तिथे हे सहसा चुकत नाही. चुकतं ते खाजगी दवाखान्यात क्षयाचं औषध सुरू झालं आणि एआरटी सेंटरला कळवलंच नाही तेव्हा. इथे घरी जाणारा कार्यकर्ता अक्षरशः जीव वाचवू शकतो, फळीवरची औषधं पाहून. रिफॅम्पिसिनने लघवी केशरी होते, म्हणून ती केशरी झाली का, हा एक प्रश्न विचारला तरी पुरतो.

आणखी एक धोका लोकांना माहीत नसतो. टेनोफोविर आणि लॅमिव्ह्युडिन हिपॅटायटिस बीवरही काम करतात. ज्याला हिपॅटायटिस बी आहे त्याने ‘आता बरं वाटतंय’ म्हणून गोळी अचानक थांबवली तर यकृताला जोराची सूज येऊ शकते.

साठवणुकीबद्दल केंद्रात बोललं जातं, पण मोघम. स्थिर रुग्णाला तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळतात. दर महिन्याचा खाडा वाचतो, रोजंदारीवाल्यासाठी ही सगळ्यात मोठी सोय. पण तीन बाटल्या दहा बाय दहाच्या खोलीत कुठे लपवायच्या? लोक गोळ्या प्लास्टिकच्या पिशवीत काढून बाटल्या फेकतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे वाईट. बाटलीतली ओलावा शोषणारी पुडी गोळ्यांबरोबरच राहिली पाहिजे. बाटलीवरचं लेबल खरवडायचं तर मुदतीची तारीख आणि बॅच क्रमांक ग्रीन बुकच्या, म्हणजे रुग्णाकडे असणाऱ्या उपचारनोंदीच्या पुस्तकाच्या, मागच्या पानावर आधी लिहून घ्या. बाटली खुळखुळू नये म्हणून आत कापूस कोंबतात, तेही नको, कारण कापूस ओलावा खेचतो.

घरातल्यांची तपासणी हा सीएससीच्या कामाचा भाग आहे आणि नाजूकही. जोडीदार आणि मुलं तपासावीत असा आग्रह योग्यच, पण ‘आणाच’ असा दट्ट्या लावणारे समुपदेशक आहेत आणि त्याने माणूस केंद्रात यायचाच थांबतो. वस्तीतल्या शिबिरात बोटाच्या थेंबावर होते ती फक्त प्राथमिक चाचणी. निदान पक्कं व्हायला आयसीटीसीत, म्हणजे सरकारी समुपदेशन व चाचणी केंद्रात, तीन वेगवेगळ्या चाचण्या होतात. खाजगी लॅबचा एकच कागद घेऊन गोळ्या मागायला जाऊ नका, तिथे सगळं पुन्हा करतील आणि ते बरोबरच आहे. बाळाच्या बाबतीत नेहमीची चाचणी पहिल्या अठरा महिन्यांत फसवते, कारण आईची प्रतिपिंडं त्याच्या रक्तात असतात. त्यासाठी सहा आठवडे, सहा महिने, बारा महिने आणि अठरा महिने असं वेळापत्रक आहे. सहा आठवड्यांची तारीख हमखास चुकते, कारण बाळंतपण माहेरी झालेलं असतं. आठव्या महिन्यातच माहेरच्या गावाजवळचं केंद्र लिहून घ्या.

योजनांच्या बाबतीत केंद्राकडून फार अपेक्षा ठेवू नका, पण मागत मात्र राहा. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत एचआयव्हीबाधित बसतात, महिना १५०० रुपये. अट अशी की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत हवं आणि महाराष्ट्रात किमान १५ वर्षांचं वास्तव्य. ठाण्यात वर्षाला २१,००० मध्ये कोण जगतं हे तहसीलदारालाही माहीत आहे आणि दाखला देणाऱ्यालाही. परप्रांतातून आलेला नाका कामगार पंधरा वर्षांच्या अटीवर पडतो. बालसंगोपन योजना त्यापेक्षा उपयोगी: आई-वडिलांना एचआयव्ही असलेल्या मुलासाठी महिना २,२५० रुपये, जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयातून. मुरबाड-शहापूरहून येणाऱ्यांना एसटीची प्रवास सवलत आहे, पण ती घ्यायची तर गावच्याच गाडीत कंडक्टरसमोर कार्ड काढायचं. बरेच जण तिकिटाचे पैसे देणं पत्करतात. सवलत ठरवणाऱ्याने कधी मुरबाडच्या स्टँडवर उभं राहून पाहिलं नसावं.

कायद्याची माहिती केंद्रात मागितल्याशिवाय मिळत नाही. एचआयव्ही व एड्स प्रतिबंध कायदा २०१७ चा, लागू १० सप्टेंबर २०१८ पासून. नोकरीसाठी एचआयव्ही चाचणीची अट घालणं, बाधित असल्याच्या कारणावरून काढून टाकणं, संमतीशिवाय दुसऱ्याला सांगणं, हे सगळं त्यात येतं. १०० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमायचा आहे, दवाखान्यांसाठी हीच संख्या २० आहे. एमआयडीसीतल्या ‘प्री-एम्प्लॉयमेंट मेडिकल’च्या फॉर्मवर तपासण्यांची यादी वाचूनच सही करा.

आता भागीदारीच्या तब्येतीबद्दल. परदेशी पैसा थांबला की काय होतं याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. यूएसएड आणि पेपफार या अमेरिकी सरकारच्या मदत यंत्रणांच्या पैशातून, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या ‘ॲक्सेलरेट’ प्रकल्पात, तृतीयपंथीयांसाठी ‘मित्र’ क्लिनिक सुरू झाली: पहिलं हैदराबादला जानेवारी २०२१ मध्ये, मग कल्याण आणि पुण्यात. तिथे काम करणारे बरेचसे स्वतः तृतीयपंथी होते. एचआयव्हीची चाचणी आणि उपचाराशी जोडणी तिथे होतीच, पण हार्मोन, त्वचा, मानसिक आरोग्य, कागदपत्रं यांसाठी माणूस तिथे यायचा आणि त्याच खेपेत एचआयव्हीची चाचणीही करून जायचा. योजना म्हणून ही कल्पना सीएससीपेक्षा शहाणी होती, कारण आजाराच्या नावाने कुणाला बोलवावं लागत नव्हतं. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली आणि तिन्ही क्लिनिक बंद पडली. हैदराबादचं पुढे टाटा ट्रस्ट्सच्या पैशातून ‘सबरंग’ नावाने उघडलं.

इथे नीट समजून घ्यावं: कल्याणचं क्लिनिक बंद झालं म्हणून तिथल्यांची एआरटी बंद झाली नाही. ती सरकारी केंद्रातून येते, येत राहिली. बंद झाली ती जागा जिथे ‘मॅडम की सर?’ असं हसून विचारणारं कुणी नव्हतं. अशा माणसाला रुग्णालयाच्या पुरुष-बायका अशा दोन रांगांपुढे उभं केलं की एखादी तारीख चुकते, मग दुसरी. औषध साठ्यात असतं, फक्त घेणारा येत नाही. सीएससीचंही तसंच आहे. पैसा देणाऱ्याचं वर्ष संपलं की सगळ्यात आधी कात्री लागते ती कार्यकर्त्याच्या प्रवासभत्त्याला. भाडं खिशातून जायला लागलं की बदलापूरची घरभेट फोनवर होते, मग फोनही फक्त आकडा भरण्यापुरता.

म्हणून केंद्र कोण चालवतं यापेक्षा कार्यकर्ता किती दिवस टिकला आहे ते विचारा. दोन-तीन वर्षं तोच माणूस असेल तर डोळे झाकून नाव नोंदवा. दर सहा महिन्यांनी चेहरा बदलत असेल तर समुपदेशनासाठी जा, पण घरचा पत्ता आणि घरातल्यांची नावं प्रत्येक नव्या माणसाला द्यायची गरज नाही. संमती केव्हाही मागे घेता येते, तेही लेखी. घरी येणाऱ्याच्या पिशवीवर, टोपीवर, छत्रीवर संस्थेचं नाव किंवा लाल फित असेल तर पहिल्याच दिवशी हटका. बैठका, म्हणजे आधारगटाच्या, कोणत्या वारी होतात ते पाहा: फक्त कामाच्या दिवशी दुपारी असतील तर त्या अहवालासाठी आहेत, रविवारी असतील तर माणसांसाठी. बायकांच्या बैठका बहुतेक ठिकाणी चांगल्या भरतात. पुरुषांच्या नाही, आणि त्यावर कुणी फारसा विचार केल्याचं दिसत नाही.

एका गोष्टीसाठी मात्र ही सेवा निःसंकोच वापरावी, ती म्हणजे गावी जाताना. गणपतीत कोकणात किंवा छठला बिहारात गेलेले लोक आठ दिवसांचे पंचवीस दिवस करतात आणि गोळ्या तिथे संपतात. जाण्याच्या निदान आठवडाभर आधी कार्यकर्त्याला सांगितलं की तो एआरटी सेंटरमध्ये बोलून पुढची बाटली लवकर मिळवून देऊ शकतो. तरीही कमी पडल्याच तर गावाजवळचं एआरटी सेंटर प्रवासातला रुग्ण म्हणून थोड्या दिवसांच्या गोळ्या देतं, ग्रीन बुक दाखवल्यावर. ते पुस्तक घरी कपाटात ठेवून जाऊ नका. फार तर त्यातल्या एआरटी नंबरच्या आणि शेवटच्या नोंदीच्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, ‘लाईट बिल’ नावाच्या फोल्डरमध्ये.